पंप चालू आहे

आमच्या घरात ‘पंप’ या शब्दाला आजवर एकच अर्थ होता. आमचे हे निवृत्त झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. आणि सेक्रेटरीच्या घरात पंप म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवणारा, आणि नेमका रविवारी सकाळी, दारात पाहुणे उभे असताना जळणारा, तो पंप. त्यामुळे मधुरा, म्हणजे आमची सून, बाळंतपण उरकून माहेरहून परत आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं आतल्या खोलीतून “आई, पंप सुरू करतेय हं, अर्धा तास कुणी येऊ नका!” असं सांगितलं, तेव्हा हे पेपर टाकून उठले.

“सूनबाईंनी कशाला? वॉचमन करील ना!” असं म्हणत यांनी पायांत चपला सरकवल्या आणि तीन जिने उतरून गेले. वॉचमनला झोपेतून उठवलं. त्यानं टाकी भरलेली असल्याची ग्वाही दिली. हे पुन्हा तीन जिने चढले आणि समोरच्या इमारतीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगं, तिला सांग, टाकी भरली आहे! पंप लावायची गरज नाही!”

मी यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पंप कोणता ते कानात सांगितलं. हे एक अक्षर न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि समोरच्या नारळाचं जणू ऑडिट करायचं आहे अशा मुद्रेनं त्याच्याकडे पाहू लागले. पुढे महिनाभर हेच. आतून घर्र आवाज आला की हे गॅलरीत. त्या नारळाला झावळ्या किती, हे आज आमच्या घरात कुणीही झोपेतसुद्धा सांगेल.

आता हा पंप म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही (विशेषतः गॅलरीतल्या मंडळींना) त्यांच्यासाठी सांगते. दोन नरसाळी. आपलं रॉकेलचं असायचं तशीच, फक्त देखणी आणि पारदर्शक. प्रत्येक नरसाळ्याला एक बाटली, तिथून निघणारी रबरी नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला वाटीएवढी मोटार. बाळ कसं आधी भराभर चुटुचुटु ओढतं आणि दूध उतरलं की संथपणे मोठे घोट घेतं, तशाच त्या मोटारीलाही दोन चाली असतात. नरसाळ्यांना मापंसुद्धा असतात, मिलिमीटरमध्ये. डब्यात बहुधा २४चं येतं. ते न बसणारी बाई पहिले आठ दिवस कळा सोसते आणि आपल्यालाच दूध कमी आहे असं समजून रडते. मधुरानं तेच केलं. मग माप बदललं, आणि रडणं थांबलं. ब्लाउज शिवताना बाईचं माप घ्यायचं असतं, दुकानदाराचं नव्हे, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण मला विचारतंय कोण?

एवढा खटाटोप कशासाठी, तर मधुराची रजा संपत आली होती. २०१७ पासून २६ आठवडे मिळतात. माझ्या वेळी तीन महिने होते, त्या मानानं हे राज्यच. पण २६ आठवडेही संपतात. मग दिवसभर आमच्या सईबाईंनी प्यायचं काय? तर आईनं काढून ठेवलेलं दूध. मधुरानं फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला: ‘बाहेर ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिने.’ त्याखाली लाल शाईनं ओळ होती, की बाहेरचे ४ तास २५ अंशांपर्यंतच धरायचे. डोंबिवलीच्या मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर २५ अंशांवर कुठलं असायला! त्यामुळे आमच्याकडे बाटली भरली की थेट फ्रीजमध्ये. काही तासांनी त्या दुधावर साय वेगळी दिसायची. ते नासलेलं नसतं, बाटली नुसती गोल फिरवली की पुन्हा एकजीव होतं. पण हे पाहिल्यापासून आमचे हे चहात दूध घालण्यापूर्वी “हे कुठलं?” असं विचारू लागले.

खरी पंचाईत होती हातांची. दोन नरसाळी धरायला दोन हात. वीस-पंचवीस मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा. मधुरा पलंगावर ताठ बसलेली, दोन हातांत दोन बाटल्या, जणू देवळातली दीपलक्ष्मी. एका समईची हौस भागली नाही म्हणून दोन घेतलेली. दीपलक्ष्मीला निदान नाकाला खाज सुटत नाही. मधुराला पंप सुरू केल्याबरोबर सुटायची.

“आई!” आतून हाक यायची. “जरा येता का?”

मी पीठाचे हात पुसत धावत जायची. “काय गं, काय झालं?”

“नाक खाजवता का जरा? डावीकडे. अजून वर. हां.”

सासूनं सुनेचं नाक खाजवलं, असं कुठल्या कहाणीत मी वाचलेलं नाही. पण आम्ही ते व्रत महिनाभर केलं. कधी कपाळावरची बट मागे सारायची, कधी डास मारायचा (कुठे बसला होता ते विचारू नका), कधी फोन तिच्या कानाशी धरून उभं राहायचं. थोडक्यात, पंप चालवायला दोन हात लागत होते हे खोटं. चार लागत होते.

त्यात त्या मोटारीचा आवाज. तुम्ही तो नीट ऐकलात तर तो काहीतरी बोलतोय असं वाटू लागतं. मी मधुराला म्हटलं, “मला तर तो ‘घे की, घे की’ म्हणतोय असं वाटतं. तुला?”

ती जरा घुटमळली. “तुम्हाला राग येणार नसेल तर सांगते.”

“सांग की.”

“‘झालं का? झालं का?’”

मी हसले. तेव्हा हसले.

हातांच्या प्रश्नावर घरात चर्चा झाली. आमचा निखिल इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातला साधा खिळाही तो बाहेरून माणूस बोलावून ठोकून घेतो. त्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, की आता नळी नाही, बाटली नाही, असेही पंप आलेत. दोन वाट्या कपड्याच्या आत सरकवायच्या आणि खुशाल घरभर फिरायचं. २०१७-१८च्या सुमाराला परदेशात निघाले, आता आपल्याकडेही मिळतात. चांगल्यापैकी जोडीची किंमत त्यानं वाचून दाखवली, तेव्हा हे गॅलरीतून आत आले. यांचं म्हणणं, १९८८ साली तेवढ्यात स्कूटर आली होती, आणि स्कूटरवर मागे एक माणूसही बसायचं.

“आहे तो पंप चांगला आहे,” मधुरा म्हणाली. “अडलंय ते हातांपाशी.”

मग तिनं मैत्रिणीनं सांगितलेला उपाय केला. केसांचे दोन रबर एकात एक अडकवायचे, एक टोक वरच्या हुकात, दुसरं नरसाळ्याच्या मानेत. तीन मिनिटं उत्तम चाललं. चौथ्या मिनिटाला रबर सुटून कपाटावर गेला आणि बाटली मांडीवर आली. पाऊण बाटली दूध चादरीवर. दूध सांडल्यावर रडू नये असं ज्या कुणी म्हटलंय, त्यानं ते दूध स्वतः काढलेलं नसणार. मधुरा हमसून हमसून रडली. तिच्यापाठोपाठ सई रडली. हे गॅलरीतून “वॉचमनला बोलावू का?” असं म्हणाले.

त्या दुपारी मी माझं उषा मशीन उघडलं.

आमच्या वेळी तिला ‘बॉडी’ म्हणत आणि टॉवेलखाली वाळत घालत. आता ब्रा म्हणतात आणि उघड्यावर वाळत घालतात. मधुराची व्यायामाची एक जुनी, ताणली जाणारी ब्रा मी मागून घेतली. कल्पना साधी होती. शर्टाचं बटण काजातून बाहेर येतं ना, तशी नरसाळ्याची मान काजातून बाहेर आली पाहिजे. तोंड आत, बाटली बाहेर. कापडच त्याला धरून ठेवील. फक्त ते करकचून आवळणारं नको, दाब पडला तर दुधाच्या गाठी होतात.

शिवणाच्या क्लासात मी पहिली आले होते, त्या गर्वात ब्रा टेबलावर सपाट अंथरली, पट्टीनं मोजून दोन काजं पाडली आणि सुरेख टाका घातला. पण बाईमाणूस टेबलासारखं सपाट नसतं, हे साठी उलटलेल्या बाईनं विसरावं? मधुरानं घालून पाहिली, तर एक बाटली अप मार्गाला लागलेली आणि दुसरी डाऊन.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. दुसरी जुनी ब्रा तिला घालायला लावली, ताठ बसवली आणि अंगावरच खडूनं दोन खुणा केल्या. तिथं जेमतेम इंचाची उभी चीर. नरसाळ्याची मान तेवढीच असते, आणि कापड ताणतं म्हणून चीर हवी त्याहून लहानच ठेवायची. कडेनं हातानं काजाचा दाट टाका, नाहीतर चार धुण्यांत उसवतं. आतून नरसाळी बसवली, बाहेरून बाटल्या जोडल्या, मोटार सुरू केली.

मधुरानं भीत भीत एक हात काढला. बाटली जागेवर. दुसरा काढला. तीही जागेवर. मग पोलिसानं पिस्तूल रोखल्यासारखे तिनं दोन्ही हात हवेत धरले आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर तिनं केलेली पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचं नाक स्वतः खाजवलं. तेवढ्यानंसुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच आठवड्यात आणखी एक चमत्कार झाला. यांना बुद्धिबळाचं वेड आहे. एका संध्याकाळी हे मोबाइल हातात घेऊन दिवाणखान्यात आले आणि भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून म्हणाले, “एडवर्ड लास्कर!”

“कोण?” मी विचारलं.

“सत्तावीस वर्षं जगज्जेता होता तो इमॅन्युएल लास्कर निराळा. हा एडवर्ड. १९१२ साली लंडनला यानं थॉमसविरुद्ध वजीर देऊन टाकला आणि त्याच्या राजाला भर पटातून ओढत ओढत आपल्या घरात आणून मात केली. डाव पाठ आहे मला! हा माणूस धंद्यानं इंजिनिअर. पुढे अमेरिकेत गेला. आणि तिथं १९२७ साली यानं कशाचं पेटंट घेतलं ठाऊक आहे? स्तनपंपाचं! विजेवरच्या!”

‘स्तन’ हा शब्द यांनी उभ्या संसारात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला. घड्याळसुद्धा क्षणभर थांबलं असावं. अंगात ओढायची ताकद नसलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचं दूध मिळावं म्हणून तो पंप कामी आला, हेही यांनी वाचून दाखवलं. आणि त्याचे मित्र थट्टेनं त्याला चेस प्लेअरऐवजी... एवढं म्हणून हे एकदम थांबले, लाल झाले आणि सवयीनं गॅलरीकडे वळले. पण दारातूनच परत आले.

त्या दिवसापासून पंपाला घरात प्रतिष्ठा आली. जी वस्तू लास्करनं केली, तिच्यापासून तोंड फिरवणं बुद्धिबळपटूला शोभत नाही. यांनी आपण होऊन पंपाचे सुटे भाग धुण्याचं काम अंगावर घेतलं. ज्यांनी पंप वापरलाय त्यांना ठाऊक असेल, दूध काढण्यापेक्षा ते भाग धुणं, उकळणं आणि वाळवणं याचाच कंटाळा अधिक. हे ओट्यावर स्वच्छ पंचा अंथरतात आणि त्यावर नरसाळी, झडपा, बाटल्या अशा रांगेनं मांडतात, की आता पहिली खेळी कोण करणार असं वाटावं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. हात मोकळे झाले, सगळे सुखी झाले. पण मोकळ्या हातांची एक गंमत असते. ते कुणाला पाहवत नाहीत.

पहिल्या दिवशी मधुरानं मोकळ्या हातांनी लॅपटॉप उघडला. कचेरीच्या साठलेल्या पत्रांना उत्तरं दिली. पुढे वाकून टाइप करताना नरसाळ्यातून दोन थेंब की-बोर्डवर पडले, म्हणून ती पुन्हा ताठ बसायला शिकली. दुसऱ्या दिवशी तिनं सईची लंगोटी-दुपट्यांची घडी घातली. तिसऱ्या दिवशी निखिलनं तिच्यासमोर विम्याचे कागद ठेवले, “सही कर, तू बसलीच आहेस तर.” आणि चौथ्या दिवशी, सांगायला संकोच वाटतो, पण चौथ्या दिवशी मी तिच्यापुढे मेथीची जुडी आणि परात ठेवली.

“हात रिकामेच आहेत तर एवढी निवडून टाक गं.”

मधुरा काही बोलली नाही. मेथी निवडू लागली. मी दारात उभी होते. मोटार चालू होती. आणि पहिल्यांदाच मला त्यात ते शब्द स्पष्ट ऐकू आले. “झालं का? झालं का? झालं का?” आवाज माझा होता.

बाटल्यांकडे पाहिलं. रोज अर्ध्यावर जाणारी रेघ आज तळाशीच होती.

गवळ्याला जे कळतं ते मला कळू नये? तो गाईला आधी वासरू लावतो. चुचकारतो, पाठीवरून हात फिरवतो. घाई केली तर गाय दूध चढवून ठेवते. डॉक्टरांच्या भाषेत दूध उतरवणाऱ्या द्रव्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. बाळ दिसलं, त्याचा वास आला, नुसती आठवण झाली, तरी ते स्रवतं. आणि काळजी, दुखणं, धावपळ यांनी अडखळतं. आपल्या आज्या-पणज्या एवढं लांबण न लावता त्याला पान्हा म्हणत. पान्हा फुटायचा असतो. मेथीच्या जुडीबरोबर तो निवडून निघत नाही.

मी परात उचलली.

“अहो आई, होत आलीय,” मधुरा म्हणाली.

“राहू दे. आज पिठलं करते.”

आलं घालून चहा केला आणि कप तिच्या हातात दिला. मांडीवर सईचं मघाशीच काढलेलं टोपडं ठेवलं. मधुरानं एक घोट घेतला आणि दचकून म्हणाली, “गरम आहे!”

“चहा गरमच असतो.”

“मी विसरलेच होते,” ती म्हणाली. सई झाल्यापासून तिनं प्यालेला तो पहिला गरम चहा. रेघ त्या दिवशी कुठवर गेली, ते मुद्दाम पाहिलं नाही. घरात एक मोजणारं यंत्र पुरे.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. पंप चालू असताना मधुराच्या हातांत चहा, टोपडं किंवा रहस्यकथा, या तीनच वस्तू चालतील. लॅपटॉप चालेल, पण तो तिनं स्वतः मागितला तर. सेक्रेटरींनी हा नियम टाइप करून फ्रीजवर लावला, खाली सहीशिक्क्यासह.

रजा संपायच्या आदल्या रात्री मधुरा बॅग भरत होती. पंप, बाटल्या, बर्फाची पिशवी, आणि माझी काजवाली ब्रा, एकाऐवजी दोन. तिच्या कचेरीत दूध काढायला वेगळी खोली आहे, असं ती सांगत होती. खुर्ची आहे, टेबल आहे, छोटा फ्रीजसुद्धा आहे.

“दाराला आतून कडी आहे ना?” मी विचारलं.

“असेल की. का हो?”

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. निखिल तीन महिन्यांचा झाला तेव्हा मी कामावर रुजू झाले. १९८८ साल. फोर्टातली कचेरी. अकरा वाजले, की इकडे निखिलच्या दुधाची वेळ व्हायची आणि तिकडे माझा ब्लाउज भिजायचा. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मी बायकांच्या मोरीत जायची. दाराची कडी मोडलेली होती. एका हातानं दार धरायचं आणि दुसऱ्या हातानं दूध पिळून बेसिनमध्ये सोडायचं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दूध पाजायला दिवसातून दोन सुट्या द्याव्यात, असं १९६१च्या कायद्यात लिहिलेलं होतं. आमच्या कचेरीत तो कायदा कुणी उघडलेला मी पाहिला नाही. घरी त्याच वेळी सासूबाई निखिलला डब्यातलं दूध बोंडल्यानं पाजत असायच्या. महिन्याभरात माझं दूध आटलं. बेसिनच्या नळाशी उभी असताना रडू यायचं, पण डोळे पुसायला तिसरा हात नव्हता.

मधुरानं बॅगेची चेन तशीच सोडली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बसली. बराच वेळ. सगळ्यांचेच हात त्या वेळी रिकामे होते, आणि कुणीही कुणाला काही निवडायला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला माझ्या मोबाइलवर तिचा निरोप आला: ‘कडी नाही, लॅच आहे. तीनदा ओढून पाहिला. पक्का आहे.’

संध्याकाळी मधुरा आली. चपलाही न काढता तिनं आधी सईला घेतलं, मग खांद्यावरची बर्फाची पिशवी माझ्याकडे दिली. आत दोन बाटल्या होत्या. काठोकाठ. हे माझ्यामागे उभे होते. यांनी चष्मा पुसला, बाटल्या उजेडात धरून सेक्रेटरीच्या नजरेनं पाहणी केली आणि तिन्ही जिन्यांत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “टाकी भरली!”

खालून वॉचमननं सवयीनं पंप बंद केला. त्या रात्री आख्ख्या सोसायटीला पाणी नव्हतं.